इग्निशन कॉइलमागचा माणूस: चार्ल्स केटरिंग

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंजिन थंड असताना एक कनेक्टर आणि एक बोल्ट काढला, की इग्निशन कॉइल हातात येते. बॅटरीचे 12 व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत चढवून प्लगला ठिणगी देणारी हीच ती. बॅटरी-कॉइलची ही पद्धत मोटारीत भरवशाची केली चार्ल्स केटरिंगने.

जन्म 1876, अमेरिकेतलं ओहायो. डोळ्यांच्या त्रासाने शिक्षण मध्येच थांबलं. टेलिफोन लाइनवर काम करत 1904 ला, सत्ताविसाव्या वर्षी तो इंजिनिअर झाला. म्हणजे जवळपास माझ्याच वयात! मग नोकरी सांभाळून, डेटनमध्ये मित्राच्या कोठारात सवंगड्यांसोबत त्याने इग्निशन घडवलं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हात मोडणारं हँडल सुटलं.

पण 1921 मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत इंजिनाचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं गेलं. कामगार दगावले, तरी त्याने त्याचीच बाजू घेतली. भारतात ते पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. तोवर किती लहान मुलांच्या मेंदूला ते बाधलं असेल!

केटरिंग 1958 मध्ये गेला. मला त्याचं कौतुक आहेच. पण ‘चालतंय ना’ एवढंच पाहून आपण थांबायचं नाही, कुणाला बाधतंय तेही बघायचं.