सिस्टर केनी : पोलिओशी दोन हात

पदवीवाचून विद्या नाही, असे आपण महाविद्यालयीन विद्यार्थी सहज धरून चालतो. एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेचे चरित्र वाचले की ही समजूत डळमळू लागते.

२० सप्टेंबर १८८० रोजी न्यू साउथ वेल्समधील वॉरिआल्डा या गावी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. परिचर्येचे रीतसर शिक्षण तर नाहीच. ‘सिस्टर’ ही उपाधी मिळाली ती पहिल्या महायुद्धात, जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर सेवा करताना.

त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय वाकडे होऊ नयेत म्हणून ते खपच्यांत किंवा प्लास्टरमध्ये महिनोन्महिने जखडून ठेवीत. केनीबाईंनी नेमके उलट केले. लोकरीचे कापड गरम पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, आखडलेल्या स्नायूंना त्याचा शेक दिला. वेदना ओसरल्या की त्या सांधे हळुवार हलवीत, आणि कोणता स्नायू कोणते काम करतो हे सांगून मुलाचे लक्ष तिकडे वळवीत. पुढची हालचाल मुलाने स्वतः करावयाची.

१९३३ साली टाउन्सव्हिल येथे त्यांचे उपचारकेंद्र सुरू झाले. पण १९३८ मध्ये क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने त्यांच्या पद्धतीविरुद्ध कौल दिला. बाई खचल्या नाहीत. १९४० साली, वयाच्या साठीत, त्या अमेरिकेला गेल्या. मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले आणि १९४२ मध्ये तेथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

बाईंचे सारेच बरोबर होते, असे मात्र नाही. रोगाचे मूळ स्नायूंत आहे, हा त्यांचा आग्रह होता. वास्तविक पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट करतो. स्वभावही तापट होता. मतभेद त्यांना खपत नसत. डॉक्टरांचा त्यांच्या सिद्धान्ताला असलेला विरोध निराधार नव्हता. चूक झाली ती ही, की सिद्धान्त फसवा म्हणून उपचारही अनेकांनी फसवा मानला.

३० नोव्हेंबर १९५२ रोजी केनीबाई वारल्या. १९५५ मध्ये पोलिओची लस आली. २०१४ साली भारतही पोलिओमुक्त घोषित झाला. रुग्णाला जखडून न ठेवता शक्य तितक्या लवकर हलते करावे, हा विचार मात्र फिजिओथेरपीत रुजला आहे. ग्रंथातल्या ज्ञानाने आणि हातातल्या ज्ञानाने वेळीच एकमेकांचे ऐकले असते, तर कितीतरी मुलांची बंधने लवकर सुटली असती.