डॉ. आनंदीबाई जोशी यांचे वैद्यकाचे पहिले वर्ष

आमच्या या महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावरून दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी वैद्यकाचा अभ्यास करण्यासाठी मिरज, पुणे किंवा मुंबई इकडे जात असतो. जाताना त्याच्या व त्याच्या आईबापांच्या मनात जे चित्र असते ते बहुधा रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरचे असते. परंतु पहिले वर्ष सारे हाडांची नावे पाठ करण्यात, शवविच्छेदनात आणि रसायनांच्या बाटल्यांत जाते, रुग्णाशी गाठ फारशी पडतच नाही. कित्येक मुले त्यामुळे हिरमुसतात. अशा वेळी ज्या एका महाराष्ट्रीय मुलीने हे पहिले वर्ष सर्वांत दूर व सर्वांत एकाकी स्थितीत काढले, तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. आनंदीबाई जोशी यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पदवी मिळाली आणि अल्पवयात मृत्यू आला, एवढ्या दोन गोष्टी सर्वांना माहीत असतात. मधली वर्षे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतात.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणचे हे जोशी घराणे. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात कारकून, बिजवर आणि वयाने बरेच मोठे. पत्नीस शिकवावयाचे या एका गोष्टीचा त्यांनी ध्यास घेतला होता, आणि तो ध्यास सौम्य नव्हता. इतर नवरे बायकोने स्वयंपाक केला नाही म्हणून मारीत, तर गोपाळराव अभ्यास टाकून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारीत. या माणसाविषयी एका शब्दात न्याय देणे कठीण आहे. स्वतः आनंदीबाईंनीही पुढे अमेरिकेतून पाठविलेल्या एका पत्रात त्यांस स्पष्ट लिहिले की, आपण मला वागविले ते बरे की वाईट हे ठरविणे अवघड आहे; हेतूकडे पाहिले तर बरे, पण लहान मुलीच्या मनावर त्याचा परिणाम काय होतो ते पाहिले तर वाईट. त्या काळी पतीस असे लिहिणारी स्त्री विरळाच.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व तो दहा दिवसांतच गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली. घरातील बायका पुरुष डॉक्टरास दुखणे सांगण्यास लाजतात आणि स्त्री डॉक्टर तर कोठेच नाही, तेव्हा आपणच डॉक्टर व्हावे, हा विचार येथून पक्का झाला.

गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी होत गेली. कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. पूर्वी कोल्हापुरास काम केलेले रॉयल वाइल्डर हे तेव्हा अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला, परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याखेरीज मदतीची आशा नाही असे सुचविले. तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर या बाईंच्या हाती दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत असताना पडला. त्यांनी आनंदीबाईंस पत्र घातले, धर्माची कोणतीही अट घातली नाही, आणि पुढे आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. मिशनच्या मासिकाने जी अट घातली ती त्याच मासिकाच्या एका वाचकाने बाजूस सारली, हे आमच्यासारख्या शाळेच्या पानांत नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत एक व्याख्यान दिले. वय अठराही पूर्ण नव्हते. लोक त्यांना जे सहा प्रश्न विचारीत त्यांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली: अमेरिकेस का जाता, येथे सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत काय, संकट आले तर काय कराल, आणि कोणा स्त्रीने न केलेले तुम्हीच का करावे. येथे सोय अगदीच नव्हती असे नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ साली स्त्रियांस प्रवेश दिला होता. पण शिकविणारे सारे पुरुष, आणि रस्त्याने पुस्तके घेऊन चालणाऱ्या हिंदू स्त्रीची होणारी कुचेष्टा त्यांनी मुंबईत व कलकत्त्यात स्वतः सोसली होती. वाळीत टाकण्याविषयी त्यांचे उत्तर निर्भय होते. आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू, अन्न, वस्त्र व आचार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. मग टाकावयाचे तर आताच टाका ना, असे त्यांनी श्रोत्यांस विचारले.

हे वचन वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रकृती आधीच बरी नव्हती. कलकत्त्यास अशक्तपणा, डोकेदुखी व अधूनमधून ताप चालू होता. कारपेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली, पण गुण आला नाही. तरी ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. गोपाळराव मागे राहिले. सोबत मिशनरी बायका होत्या, पण खरी सोबत अशी कोणाची नव्हती. ४ जूनला न्यूयॉर्क बंदरात मावशी उभ्या होत्या. रोझेल येथील तो उन्हाळा सुखाचा गेला.

फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे मेडिकल कॉलेज १८५० साली स्थापन झालेले. प्रवेशासाठी केलेल्या अर्जात आनंदीबाईंनी आपले शिक्षण कोठवर झाले याबरोबरच आपण येथवर का आलो हेही लिहिले: आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून आपण आलो, तो आपल्या देशातील ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे येण्यापेक्षा मरण पत्करतील त्यांस खरी मदत करावी म्हणून. कॉलेजाच्या प्रमुख राशेल बॉडली या होत्या. त्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. त्यांनी या मुलीस मायेने घेतले आणि शिष्यवृत्तीची तजवीज झाली.

१८८३ च्या शरदऋतूत वर्ग सुरू झाले. अपेक्षा व अनुभव यांतील अंतर येथे दिसू लागते. आपणास अभ्यास झेपेल की नाही, ही भीती सर्वांस होती. शाळेतील शिक्षण तुटक, इंग्रजी बहुतेक घरीच शिकलेले. त्यात शरीरशास्त्र, रसायन व शवविच्छेदन. ज्या समाजात प्रेताला शिवल्यावर स्नान केल्यावाचून सुटका नाही, तेथून आलेल्या ब्राह्मण मुलीस ते टेबल पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु अभ्यासाने त्यांचा पराभव केला नाही. त्या वर्गाबरोबर राहिल्या आणि तीन वर्षांचा क्रम तीन वर्षांतच पुरा केला. दुसरी भीती धर्माची. तीही खोटी ठरली. हिंदू राहूनच त्यांनी मावशींची व बॉडलीबाईंची माया मिळविली.

ज्यांनी त्यांना खरोखर गांजले त्या गोष्टी श्रीरामपूरच्या सहा प्रश्नांत कोणी विचारल्याच नव्हत्या. राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेकोटी नीट चालत नसे. पेटविली तर खोली धुराने भरे, न पेटविली तर थंडीने हातपाय गारठत. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ओल्या लाकडांनी चूल पेटविणाऱ्या आमच्या वाचकांस या अडचणीचे स्वरूप अधिक सांगावयास नको. पण आमच्याकडे निदान बर्फ पडत नाही, आणि घरात माणसे असतात. अन्नाची तशीच गत. शाकाहार सोडावयाचा नाही हे वचन दिलेले. त्या देशात, त्या ऋतूत शाकाहारी मनुष्यास मिळणार ते काय? स्वतः शिजवावे तर वेळ अभ्यासातून जाणार. पुष्कळदा पोटात पुरेसे जातच नसे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने लुगडे नेसण्यास आरंभ केला. सारे वचन अक्षरशः पाळताना एवढा एकच बदल त्यांनी शरीराच्या निकडीने केला, आणि आमच्या मते तो पूर्वीच व्हावयास हवा होता. वचन देणाऱ्याच्या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ते वचन ज्यांनी घेतले त्या श्रोत्यांपैकी कोणास फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते पाळावयाचे नव्हते, हेही म्हटले पाहिजे.

यात घरून येणाऱ्या पत्रांचा आधार असता तर गोष्ट वेगळी. गोपाळरावांची पत्रे कित्येकदा संशयाची व कडवट असत. ज्याने हट्टाने पाठविले त्यालाच आता ती आपल्या हाताबाहेर गेली असे वाटू लागले. आनंदीबाई उत्तरे लिहीत, ती नम्र असत, पण वर सांगितल्याप्रमाणे खरे बोलणेही त्यांत असे.

प्रकृती ढासळत गेली. ज्या रोगाने पुढे घात केला तो क्षय. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी जगापुढे मांडले होते. कारण कळले होते, औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. आमच्या शेजारी पाचगणीस क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यभवन निघाले ते १९१२ साली. धूर, थंडी, उपासमार व जागरण हेच त्या रोगाचे सोबती, आणि ते चारही त्या खोलीत हजर होते.

पुढील दोन वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. गोपाळरावही ब्रह्मदेश वगैरे फिरत १८८५ साली अमेरिकेस पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे: एकीकडे लुगड्यातील आनंदीबाई, शेजारी किमोनोतील जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लामबुली, तिघीही त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन आनंदीबाईंनी आपला प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी, एकविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्यांना एम.डी. ची पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी पुढील वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केला व त्यास प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे.

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या तेव्हा वाळीत टाकण्याची गोष्ट कोणी काढली नाही. उलट स्वागतास गर्दी झाली. परंतु कोल्हापूरच्या कामावर त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, उपयोग झाला नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर असताना, त्यांचे देहावसान झाले. गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेस मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या असून वरील दगडावर आनंदीबाईंचे नाव कोरलेले आहे.