महात्मा जोतीराव फुले : हक्कांची सुरुवात घरातून



बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आपण महात्मा फुल्यांची तसबीर लावतो. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. या तिसऱ्या गुरूने आपल्याला काय दिले, हे घरातल्या मुलांना तुम्ही कधी सांगितले आहे काय?

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात माळी कुटुंबात झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना, १८४७ च्या सुमारास, थॉमस पेन या इंग्रज विचारवंताचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी वाचला. पेन कारागिराचा मुलगा. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेऊन १७९१-९२ साली त्याने हा ग्रंथ लिहिला. माणूस हक्क घेऊनच जन्मतो, ते राजाचे दान नव्हे; आणि पूर्वजांचे नियम पुढच्या पिढ्यांना कायमचे बांधू शकत नाहीत, हे त्याचे सार.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. हे नशीब नव्हे, हिरावलेला हक्क आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकविले, मग शिक्षिका केले. त्यापायी १८४९ साली दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली छापले गेले. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. तरी सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. धर्म ज्याने त्याने वाचून, विचार करून निवडावा. बायकोचा धर्म नवऱ्याने ठरवू नये.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो १९४८ साली मुक्त झाला. १९५० साली संविधान आले. त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, २५ व्या कलमाने धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. १९५६ ची धम्मदीक्षा याच स्वातंत्र्याची होती.

आता स्वतःच्या घरात पाहा. तुम्ही दीक्षा घेतली. पण म्हातारी आई देव्हाऱ्यातले टाक सोडत नसेल, तर ते हिसकावून फेकू नका. जवळ बसून समजावा. तथागतांनीही कालामांना स्वतः पारखून घेण्यास सांगितले होते. तुमच्या प्रतिज्ञा तुम्ही पाळा. आणि मुलगी पुढे शिकू म्हणाली, तर तिला दारात अडवू नका. जो हक्क आपण गावाकडे मागितला, तो आपल्या घरात नाकारला, तर तसबीर भिंतीवरच राहील.

जय भीम!