लाकडावर अजिंठा उमटविणारा जपानी चित्रकार

अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे बुलडाणामार्गे वऱ्हाडात उतरते. या लेण्यांचे वऱ्हाडाशी असलेले नाते मात्र केवळ भूगोलापुरते नाही. पाचव्या शतकात १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री होता. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले वाशीम. याच अजिंठ्याला विसाव्या शतकात जपानी काष्ठमुद्राचित्रांत स्थान दिले ते हिरोशी योशिदा या चित्रकाराने.

योशिदा यांचा जन्म १९ सप्टेंबर १८७६ रोजी जपानमधील कुरुमे येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव उएदा. त्यांच्यातील कलागुण हेरून चित्रकला शिक्षक कासाबुरो योशिदा यांनी त्यांना दत्तक घेतले. तोक्योत पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर १८९९ मध्ये ते मित्रासह अमेरिकेला गेले. डेट्रॉईट येथील प्रदर्शनात त्यांच्या जलरंगचित्रांना उत्तम प्रतिसाद मिळाला. पुढे १९०७ मध्ये त्यांचा विवाह फुजियो यांच्याशी झाला. त्याही नामवंत चित्रकार होत्या.

काष्ठमुद्रणाकडे ते वळले ते चाळिशी उलटल्यावर. १९२० मध्ये प्रकाशक शोझाबुरो वातानाबे यांच्यासाठी त्यांनी चित्रे काढण्यास प्रारंभ केला. मात्र १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वातानाबेंकडील ठसे आणि छापील चित्रे भस्मसात झाली. अराई काम्पो यांनी काही वर्षांपूर्वी अजिंठ्यात राहून केलेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीही त्याच आपत्तीत नष्ट झाल्या.

योशिदा खचले नाहीत. आपत्तीग्रस्त सहकाऱ्यांच्या मदतीसाठी त्यांनी अमेरिकेत चित्रविक्री केली. तेथे जपानी मुद्राचित्रांना असलेली मागणी त्यांनी पाहिली आणि १९२५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, प्रकाशकाचा आधार सोडून स्वतःची कार्यशाळा उभारली. जपानी परंपरेत चित्रकार, कोरक्या, छपाई कारागीर आणि प्रकाशक यांची कामे विभागलेली असत. योशिदांनी कोरण्यापासून छपाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्वतःची देखरेख ठेवली. एकेका चित्रासाठी ओलसर कागदावर तीस-तीस वेळा रंगांचे थर चढविले जात. १९३७ मधील एका चित्रासाठी तर तब्बल ९६ वेळा छपाई करावी लागली. तेच ठसे निराळ्या रंगांत छापून एकाच दृश्याची सकाळ, संध्याकाळ आणि रात्र ते दाखवीत.

१९३० च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी याला सोबत घेऊन ते भारतात आले. कांचनगंगेचा सूर्योदय, चांदण्यातील ताजमहाल, अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि मदुराईचे देवालय त्यांनी रेखाटले. मायदेशी परतल्यावर १९३१ व १९३२ मध्ये या रेखाटनांची मुद्राचित्रे झाली. त्यांत अजिंठा आणि वेरूळही आहेत. लेण्यांच्या चित्रांत त्यांनी भर दिला तो दगडी अंधारावर आणि त्यात झिरपणाऱ्या प्रकाशावर.

५ एप्रिल १९५० रोजी योशिदा यांचे निधन झाले. तोशी आणि होदाका या मुलांनी ही कला पुढे नेली. सुमारे अडीचशे मुद्राचित्रे मागे ठेवणाऱ्या या कलावंताचे बहुतांश काम १९२३ च्या राखेनंतरचे आहे. सर्वस्व जळाल्यावर त्यांनी हात आखडता घेतला असता, तर वाकाटकांच्या लेण्यांना जपानी लाकडावरचा हा दुसरा जन्म लाभला नसता.