जमशेटजी आणि जहाजावरचा डॉक्टर

शाळेत सर जमशेटजी जीजीभाई भेटले ते दानशूर म्हणून. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, दोन मार्क, विषय संपला. पुढे मी सांगलीची हळद परदेशी पाठवू लागलो, तेव्हा ते मला व्यापारी म्हणून नव्याने कळले.

जन्म १७८३चा. पोरवयातच आईवडील गेले. मामा, म्हणजे पुढचे सासरे, बाटल्यांचा व्यापार करीत. त्यांच्या हाताखाली ते तयार झाले. चीनला पाच वाऱ्या केल्या. १८०५च्या वारीत फ्रेंचांनी त्यांचे 'ब्रन्सविक' जहाज पकडले. त्यावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघेही कैदी, तिथली ही ओळख.

पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडली. १८३२ मध्ये कँटनला जार्डिन मॅथेसन ही पेढी उभी राहिली आणि मुंबईहून तिला माल पुरवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते. जहाजे शिडाची, पत्राला महिने लागायचे. इथून माल रवाना करायचा आणि भाव, वेळ, गिऱ्हाईक सारे पलीकडच्यावर सोपवायचे! आज मोबाईल हातात असूनही कंटेनर बंदरातून सुटेपर्यंत मला झोप येत नाही. एकदा माझी हळद दमट निघाली. अठरा वर्षांच्या गिऱ्हाइकाने माल परत न धाडता आधी फोन केला, आणि नुकसान आम्ही निम्मे निम्मे सोसले. नव्या गिऱ्हाइकाने तसे केले असते असे मला वाटत नाही.

पण जमशेटजींच्या मालात कापसाबरोबर माळव्याची अफूही होती. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन यांनी वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. मुंबईकर व्यापाऱ्यांचाही माल त्यात बुडाला, भरपाईसाठी वर्षानुवर्षे खेटे पडले. जमशेटजींचे व्यवहार तरीही चालू राहिले. दोन टोकांच्या दोन माणसांचा एकमेकांवरचा हा विश्वास मला मोठा वाटतो. मात्र त्याची किंमत चीनमधल्या अनोळखी घरांनी मोजली. त्याच पैशातून १८४५ मध्ये रुग्णालयाचे दार उघडले, आणि माझ्या आजीचे डोळे तिथेच बरे झाले. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

इतिहासाच्या बाई संमेलनाला येणार आहेत. त्यांना विचारायचे आहे, त्या उत्तरात अफूही लिहिली असती तर दोन मार्क मिळाले असते का?