हाफकिन : आधी स्वतःला टोचली लस

परळची हाफकिन संस्था बहुतेकांना ठाऊक असते. पोलिओची लस आणि सर्पदंशावरचे औषध यांमुळे हे नाव दूरवर पोहोचले. पण ज्यांचे हे नाव, त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी साथीच्या काळात काय सोसले, हे फारसे सांगितले जात नाही.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. धर्म बदलायला नकार दिल्याने मायदेशी प्राध्यापकीचा मार्ग बंद झाला. मग ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून राहिले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये जाऊन त्यांनी लोकांना लस दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक छोटी खोली मिळाली. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच फौजफाटा. प्लेगचे जंतू ते मांसाच्या रश्शात वाढवत. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने जंतू भराभर वाढतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे आणि त्यांचीच लस करायची, अशी ही पद्धत होती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस मोठ्या मात्रेत स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या, पण त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. ज्यांनी ती घेतली त्यांच्यात आजार कमी दिसला. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण जीव वाचत होते. मागणी वाढत गेली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये प्रयोगशाळा हलवण्यात आली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ती बाटली परळहून आली होती, त्यामुळे संशय प्रयोगशाळेवर आला. जंतू मारण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी केलेला बदल त्यांच्याविरुद्ध पुरावा मानला गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

दोष बाटलीत आधीपासून होता की ती उघडताना शिरला, हा खरा प्रश्न होता. त्या दिवशी बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. ही बाब तपासात नोंदली गेली होती, तरी तिला पुरेसे वजन मिळाले नाही. अखेर १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यानंतर ते दोषमुक्त झाले.

ते पुन्हा कोलकात्याला रुजू झाले, पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांच्याकडे परत आली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज लस दिल्यानंतर कुणाला त्रास झाला, तर लसीबरोबर सुई, साठवण आणि टोचणाऱ्याची पद्धत हेही तपासले जाते. मुल्कोवालला एक चिमटा जमिनीवर पडला होता. त्याची किंमत १९ कुटुंबांनी मोजली आणि एका संशोधकाने आपली उमेदीची वर्षे देऊन.