सिल्लाची राणी सोन्दोक

इसवी सनाच्या सातव्या शतकात कोरियाच्या भूमीवर तीन राज्ये नांदत होती. उत्तरेस गोगुर्यो, नैर्ऋत्येस बेकजे आणि आग्नेयेस सिल्ला. सिल्लाची राजधानी आजच्या ग्योंगजू शहराच्या जागी होती. ५२७ साली तेथे बौद्ध धर्मास राजमान्यता मिळाली आणि राजघराणे त्या धर्माशी इतके एकरूप झाले की, जिनप्योंग राजाचे मूळ नाव शुद्धोदन या नावाचे भाषांतर होते आणि त्याच्या राणीचे नाव माया होते. बुद्धाच्या मातापित्यांची नावे धारण करणाऱ्या या दांपत्यास पुत्र मात्र नव्हता. ६३२ साली राजा निवर्तला आणि त्याची कन्या दोकमान सिंहासनावर आली. सोन्दोक हे तिचे राजनाम. सिल्लाच्या गादीवर बसलेली ही पहिली स्त्री होय.

तिच्या बुद्धिचातुर्याची एक कथा कोरियात सर्वश्रुत आहे. चीनच्या तांग दरबारातून पिओनीच्या फुलांचे चित्र व बी भेट म्हणून आले. चित्रात एकही फुलपाखरू नव्हते. त्यावरून या फुलास गंध नसणार, हे तिने ओळखले आणि आपल्या अविवाहितपणावरील टोमणाही ओळखला. पुढे ६३४ साली राजधानीत नवे मंदिर पूर्ण झाले. त्याचे नाव बुन्ह्वांगसा, म्हणजे सुगंधी सम्राटाचे मंदिर. विटांच्या आकारात पाषाण घडवून रचलेल्या तेथील स्तूपाचे तीन मजले आजही उभे आहेत. तळमजल्याच्या चारही द्वारांशी दोन्ही बाजूंस बलदंड द्वारपाल कोरलेले आहेत.

पुढच्याच वर्षी योंगम्योसा हे मंदिर सिद्ध झाले. तेथील भव्य बुद्धमूर्ती यांगजी नावाच्या भिक्षूने मातीत घडविली. त्यासाठी नगरातील स्त्री-पुरुष गाणी म्हणत माती वाहून आणीत, असे जुनी बखर सांगते. मूर्तिकला ही तेथे केवळ राजाज्ञेने चालत नव्हती. तीत प्रजेचाही हात होता.

राज्याच्या सीमा मात्र ढासळत होत्या. ६४२ साली बेकजेने चाळीसहून अधिक किल्ले जिंकून घेतले. सिल्लाने तांग सम्राटाकडे साहाय्य मागितले, तेव्हा स्त्रीच्या हाती सत्ता असल्यामुळे शेजारी तुम्हांस तुच्छ लेखतात, असे त्याने सुनावले आणि आपल्या कुळातील पुरुष राज्यावर बसविण्याची सूचना केली. याच सुमारास, ६४३ साली, भिक्षू जाजांग चीनहून परतला. ह्वांगन्योंगसा मंदिरात नऊ मजली स्तूप उभारावा, म्हणजे शेजारची नऊ राष्ट्रे नमतील, असे त्याने सुचविले.

हे मंदिर आधीपासूनच कीर्तिमान होते. ५७४ साली तेथे सोळा फुटी बुद्धमूर्ती ओतविली गेली होती. तिच्यासाठी लागलेले लोह व सुवर्ण आपल्या देशातील सम्राट अशोकाने गलबतातून पाठविले होते, अशी तेथील आख्यायिका आहे. कालगणनेत ती बसत नाही. पण मूर्तीचे मूळ बुद्धाच्या भूमीशी जोडण्याची सिल्लावासीयांची ओढ तीतून दिसते.

एवढा उंच स्तूप बांधू शकेल असा कारागीर सिल्लात नव्हता. तो होता शत्रूच्या बेकजे राज्यात. मौल्यवान भेटी पाठवून आबिजी नावाच्या त्या स्थपतीस पाचारण करण्यात आले. मुख्य स्तंभ उभारण्याच्या दिवशी त्यास स्वप्नात स्वदेशाचा नाश दिसला व त्याने हात आखडता घेतला, अशी कथा आहे. तरीही काम तडीस गेले. ६४५ साली स्तंभ उभा राहिला आणि पुढच्या वर्षी सुमारे ८० मीटर उंचीचा लाकडी स्तूप पूर्ण झाला.

तथापि स्तूपाने राणीस शांती दिली नाही. ६४७ च्या आरंभी बिदाम या सरदाराने स्त्रीस राज्य करता येत नाही, या सबबीवर बंड केले. सेनापती किम यूशिनने ते मोडून काढले. परंतु त्याच धामधुमीत राणीचे निधन झाले. तिच्यामागून गादीवर आली ती तिची चुलत बहीण, म्हणजे पुन्हा एक स्त्रीच. ६६० साली बेकजे व ६६८ साली गोगुर्यो लयास गेले. हा विजय सैन्याचा आणि तांग राजवटीशी केलेल्या मैत्रीचा होता. पण संकटकाळी राज्याचा आत्मविश्वास टिकविण्याचे श्रेय सोन्दोकलाही द्यावे लागते. बाराव्या शतकातील इतिहासकार किम बुसिक याने मात्र स्त्रीस गादी दिल्याबद्दल सिल्लास दोष दिला.

१२३८ साली मंगोल स्वारीत तो स्तूप जळाला. आज तेथे पायाचे प्रचंड दगड आणि मूर्तींच्या बैठकींच्या शिळा तेवढ्या उरल्या आहेत. मला त्रायस्त्रिंश स्वर्गात पुरा, असे राणीने सांगितले होते व ते स्थळ म्हणून नांगसान टेकडी दाखविली होती, अशी आख्यायिका आहे. कोणास त्याचा उलगडा झाला नाही. ६७९ साली त्या समाधीच्या पायथ्याशी चतुर्महाराजांचे मंदिर उभे राहिले. बौद्ध विश्वकल्पनेत चतुर्महाराजांच्या लोकावर त्रायस्त्रिंश हा इंद्राचा लोक असतो. राणीच्या बोलण्याचा अर्थ प्रजेला कळला तो असा, तिच्या पश्चात बत्तीस वर्षांनी.